आबाची बंदूक, तात्याची टाकी

पोलिस ठाण्याच्या आवारात जप्तीच्या मोटारसायकली कशा साचतात, बघितलंय ना? कुणी न्यायला येत नाय, वर वेल चढतो. आमच्या शांतता समितीचे किस्से तसेच साचलेत. मी चौथी पास. समितीत कसा, असं समदे विचारतात. ठाण्याचे साहेबच म्हणाले होते, "गावातली निम्मी भांडणं तुम्ही लावता. तुम्हाला मीटिंगला बसवलं की तेवढा वेळ तरी गाव शांत!"

आमचं गाव गंगापूरकडचं. परवान्याची बंदूक गावात एकच, दगडूआबाची. लांडग्यांपासून मेंढरं राखायला घेतलेली. लांडगा एकबी मेला नाय. मेली ती तात्याची टाकी!

तात्या म्हणजे आबाचा चुलतभाऊ. आबाची मेंढरं तात्याच्या कापसात शिरली, तात्यानं काठी उगारली, आबानं बार काढला. आबा अजून शपथ घेतो, हवेत झाडली म्हणून. आता तात्याची पाण्याची टाकी उंच ओट्यावर, म्हणजे हवेतच की! करंगळी जाईल एवढं भोक पडलं. घरचंच भांडण, म्हणून केस नाय केली कुणी. तात्यानं भोकात लाकडाची खुंटी ठोकली, पण टाकी बदलली नाय. आल्या पाहुण्याला आधी खुंटी दाखवणार, मग चहा.

दोघांचं बोलणं बंद. वर तात्याची झोप उडालेली. पुढच्या बारीला आबानं हवेत झाडली, आन् हवेत आपलं डोकं असलं तर?

* * *

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. आबा ती घोंगडीत गुंडाळून एसटीनं निघाला, मी संगं. गर्दी लई. मी पुढं जाऊन एका बाईच्या कानात सांगितलं, घोंगडीत आबाचं नातवंड झोपलंय, अंग तापलंय त्याचं. बाई बिचारी उठली, आबाला जागा दिली. वर मायेनं विचारलं, "दूध पाजलं का बाळाला?"

आबा म्हणाला, "सकाळीच तेल पाजलंय."

* * *

बंदूक जमा केली की पावती मिळते. परत न्यायची तर तीच पावती दाखवायची. आबाच्या हातात पावती पडेपर्यंत तात्या ठाण्याच्या दारात उभा राहायचा, बंदूक खरंच आत गेली का बघायला. मग मतदान होईपर्यंत अंगणात बाज टाकून ढाराढूर झोपायचा. एकदा त्यानं साहेबांना हात जोडून विचारलंच, "साहेब, निवडणूक कायमची नाय का ठेवता येत?"

* * *

समितीचे सेक्रेटरी देशपांडेकाका. तहसीलमधून रिटायर झालेले, राहतात शहरात, उस्मानपुऱ्यात, पण शेती आमच्या गावात. मीटिंगला स्कूटरवर येतात, प्रोसिडिंगचं रजिस्टर पायाशी ठेवून.

एकदा साहेबांनी आबा-तात्याला समोरासमोर बसवलं. समेट घडवायचा होता. पंख्याखालची खुर्ची कुणाची, इथून सुरुवात झाली. मी आपलं एवढंच म्हणालो, की वयानं थोरला त्यानं बसावं. दोघं एकाच सालचे! पाच मिनिटांत आबाचा पटका तात्याच्या हातात. देशपांडेकाका रजिस्टर छातीशी धरून ओरडले, "अहो, खाली बसा! सभा शांततेत पार पडली, असं मी घरूनच लिहून आणलंय!"

* * *

मागच्या निवडणुकीचा निकाल लागून महिने उलटले, तरी आबा बंदूक न्यायला जाईना. त्या उन्हाळ्यात त्याचा बोअर आटला होता. मला काय राहवतंय? तात्याला जाऊन सांगितलं, आज आबा बंदूक घरी आणतोय. म्हटलं, आता पळतोय हा. तात्या नुसता हसला, मला चहा पाजला. मी तोंड पाडून परत.

शेवटी साहेबच जीपनं गावात आले. आबाला म्हणाले, पावती द्या आन् तुमची बंदूक घेऊन जा, आमचं कपाट अडलंय.

"पावती तात्याकडं हाय," आबा म्हणाला.

साहेबांना वाटलं, झालं, आता चोरीची केस. आबाला जीपमध्ये घातलं, मला घातलं, तात्याचं घर गाठलं. तात्यानं टाकीकडं बोट केलं.

खुंटी गायब. भोकात पावती, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठोकलेली.

"घ्या काढून," तात्या म्हणाला. "पण पाणी जाईल समदं."

साहेबांनी आबाकडं बघितलं. आबानं टाकीकडं बघितलं, मग रस्त्याकडं. तिकडून धूळ उठली होती.

"राहू द्या साहेब," आबा म्हणाला. "माझी मेंढरं हितं पाण्याला यायची वेळ झाली."