मृगातला पोळा

पांढरकवड्याचा आमचा फोटोवाला कायम दोन महिने पुढे जगतो. इंटरनेटवर सणांचे फोटो सणाआधीच खपतात, म्हणून त्याचा पाय एका जागी ठरत नाही. ऐन मृगात, पेरणीच्या सकाळी, त्याने माझ्या बैलांना झूल-बाशिंगं चढवून पोळ्याचे फोटो काढले. मग बैल जुवाखाली मान घालेनात!

“भाऊ, त्याहीले वाटते आज पोया हाय. सुट्टी.”

“मंग पेरनी कोन करन? तू?” आभाळ भरून आलं होतं.

तो गाडीवर पळाला. सुटला, म्हटलं. तासाभरात पुरणपोळ्या घेऊन हजर! दोन्ही बैलांना भरवून, हात जोडून म्हणाला, “झाला पोया, राजेहो. आता चाला.”

बैल निघाले. शेताच्या धुऱ्यावरून तो ओरडला, “भाऊ, वसुबारसेच्या फोटोले गाय-वासरू देता का?”