शिरूरच्या विहिरीत तीन टॉर्च

तीन टॉर्च, दोन डझन सेल, एक व्हर्नियर आणि दर मीटरला गाठ मारलेला पंधरा मीटर दोर घेऊन मी पुण्याला शिवाजीनगरच्या स्टँडवर उभी होते. कंडक्टरने पिशवी आत सरकवायला उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि हार्डवेअरचं दुकान टाकताय का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. मामाकडे जातेय, एवढंच सांगितलं.

या गोष्टीला सात-आठ वर्षं झाली. तेव्हा मी एका कंपनीच्या लॅबमध्ये प्रेशर गेज तपासायचे. परदेशी वस्तू दुकानांत नुकत्याच उघडपणे मांडल्या जाऊ लागल्या होत्या, आणि समुद्रात डायव्हिंग हाही नोकरदार माणसाने सुट्टीत करायचा उद्योग असू शकतो, हे आम्हाला नुकतंच कळलं होतं. डायव्हिंगचं सामान भाड्याने देणाऱ्या कॅम्पातल्या एका दुकानदाराचे गेज आमच्याकडे यायचे. त्याने तीन टॉर्च मला आठ दिवसांसाठी दिले. ते पाण्यात खरंच टिकतात का, हे त्यालाही माहीत नव्हतं. अट एकच: ज्याच्या आत पाणी जाईल तो माझा, त्याचे पैसे मी भरायचे.

मला टॉर्चची गरज का होती, ते आधी सांगते. त्याच्या आदल्या हिवाळ्यात रात्रीच्या डाइव्हला बारा मीटरवर माझा भाड्याचा दिवा पिवळा पडत गेला आणि विझला. नियम सोपा आहे. जोडीदाराला खूण करायची, त्याच्या उजेडात दोघांनी मिळून वर यायचं. मी खूण केली नाही. एकटी वर आले. माझी जोडीदार, लॅबमधलीच एक मैत्रीण, मला खाली सात मिनिटं शोधत होती. आता दहा दिवसांनी तिच्याचबरोबर पुन्हा उतरायचं ठरलं होतं. या वेळी जमलं नाही तर मी पुन्हा रात्री पाण्यात जाणार नव्हते. म्हणून मला न विझणारा दिवा हवा होता. तोही माझ्या पगारात बसणारा.

पुणे ते नगर तीन तास, तिथून पाथर्डी दीड तास. पाथर्डीला गाडी बदलायची. स्टँडबाहेर भेळ चांगली मिळते, पण पाणी सोबतचंच प्यावं. पाथर्डीनंतर रस्ता अरुंद होतो, खड्डे वाढतात आणि गाडीतली बोली बदलते. शेजारच्या म्हातारीने मला विचारलं, "एकलीच निघालीस? कावून?" मामाला भेटायला, असं म्हटल्यावर तिने पदरातल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि झोपून गेली.

मामाचं गाव शिरूर कासारपासून सहा किलोमीटर. मार्गशीर्ष होता. निम्मी घरं कुलपात होती, कारण माणसं दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला गेली होती. त्याचा माझ्या कामाला एक फायदा होता, जो मला मामाने आधीच पत्रात कळवला होता: उपसा कमी, म्हणून विहिरीचं पाणी स्थिर आणि वर आलेलं.

मामा मोटारी दुरुस्त करायचा. मोटारपंपाच्या पाइपच्या तळाला जो व्हॉल्व्ह असतो, ज्याला तिकडे सगळे फुटबॉल म्हणतात, तो बदलायला तो विहिरीत बुडी मारायचा. दिवा नाही, चष्मा नाही. एका हाताने पाइप धरायचा आणि दुसऱ्याने चाचपत नट सोडवायचे. मला पोहायला त्यानेच शिकवलं, याच विहिरीत, पाठीला वाळक्या पांगऱ्याचा ओंडका बांधून. तेव्हा मी आठ वर्षांची होते. मामी काठावरून ओरडत होती की पोरीला कोण करून घेणार, आणि मामा पाण्यातून म्हणत होता की पोहता येणारा बघू.

मामीने हुलग्याचे शेंगोळे केले होते. जेवताना तिने टॉर्च हातात घेऊन पाहिले आणि किंमत विचारली. मी खरी सांगितली. ती मामाकडे वळून म्हणाली, "बघा. तुमी आयुष्यभर फुकट बुडाले."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोजमाप सुरू केलं. पाणी सव्वाआठ मीटर निघालं. मामाच्या हिशेबाने पाच परस, म्हणजे एकावर एक उभे राहिलेले पाच पुरुष. आम्ही प्रत्येक टॉर्च पेटवून, दगड बांधून तळाशी तासभर सोडला. आठ मीटरला टिकलेला दिवा अठराला टिकेलच असं नाही. पण स्वस्त टॉर्च बहुतेकदा उथळ पाण्यातच गळतात, कारण तिथे झाकणाच्या सांध्यातल्या रबरी रिंगवर दाब पुरेसा नसतो आणि ती नीट बसत नाही. त्यामुळे विहीर ही वाईट प्रयोगशाळा नव्हती.

तिन्ही कोरडे वर आले. मग मी स्वतः श्वास रोखून, दोराला धरून उतरले, एकेक घेऊन.

पिवळा टॉर्च सगळ्यात महाग होता. चार मोठे सेल, पिस्तुलासारखी मूठ, दुकानात तो भिंत उजळून टाकायचा. विहिरीत मात्र त्याच्या रुंद झोताने गाळाचा कणन् कण पेटला आणि समोर पांढरा पडदा उभा राहिला. हात लांब केला तर बोटं दिसेनात. काळा टॉर्च त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीचा. तीन मध्यम आकाराचे सेल, अरुंद झोत, वेगळं बटण नाही, डोकं पिळलं की लागतो. त्याने समोरच्या भिंतीतला चिऱ्यांचा सांधा स्पष्ट दाखवला. तिसरा छोटा, पेन्सिल सेलचा. उजेड बेताचा, पण खिशात मावणारा. जोडीला ठेवायला योग्य. माझ्या वहीत निकाल लागला होता: काळा मुख्य, छोटा राखीव.

तिसऱ्या सकाळी काळ्याची लांब चाचणी ठेवली. पस्तीस मिनिटांनी खालचा उजेड हलला, तांबडा झाला आणि गेला.

मी दोर ओढून टॉर्च वर घेतला. काचेच्या आत पाणी डचमळत होतं. डोकं पिळून काढलं, तर आट्यांवर सुतळी गुंडाळलेली आणि वर प्लंबर लावतात तो पांढरा सफेदा थापलेला.

मी मामाकडे पाहिलं. तो विडी विझवत होता.

"गळू न्हाई म्हणून मारली," तो म्हणाला. "पहाटं उठून. पाइपाला मारतो तशी."

मी त्याला समजावून सांगितलं, बहुधा जरा जास्तच शांतपणे. इथे आट्यांनी पाणी अडवायचंच नसतं. ते काम रिंगचं, आणि डोकं शेवटपर्यंत बसलं तरच रिंग दाबली जाते. सुतळीमुळे शेवटचा अर्धा आटा बसला नव्हता. पंपात जी गोष्ट तीस वर्षं बरोबर होती, ती इथे नेमकी चूक होती. मामा ऐकत राहिला. मामी भाकरी थापता थापता विहिरीलगतच्या घरातून म्हणाली, "तरीच गावच्या मोटारी गळतात."

मामाने माफी वगैरे मागितली नाही. टॉर्च घेतला आणि ओट्यावर फडकं पसरलं. आम्ही तो पूर्ण खोलला. सेल टाकून दिले. आतले पत्रे पॉलिश पेपरने घासले, पेट्रोलने पुसले, सगळं दोन तास उन्हात ठेवलं. बल्ब शाबूत होता. रिंग मात्र सुतळीत अडकून चिरली होती. मी व्हर्नियर लावून माप सांगितलं: आतून अडतीस मिलिमीटर, जाडी तीन. मामाने पंपाच्या सुट्या भागांचा डबा आणला, बोटांनी चाळला आणि एक काळी रिंग माझ्यापुढे धरली. मोजली. अडतीस, तीन.

"तुझं ते यंत्र ठिव बाजूला," तो म्हणाला.

या वेळी दोन तासांनी टॉर्च कोरडा आला. संध्याकाळी, विहिरीत ऊन उरलं नव्हतं तेव्हा, मी तो घेऊन उतरले आणि वर आले. मामा पायरीवर पाण्यात पाय सोडून बसला होता.

"दोर कावून सोडत न्हाईस?"

मी म्हटलं, तशी पद्धत असते.

"लहानपणी न्हवती. खाली काय झालं तुला?"

मी कोणालाही न सांगितलेली गोष्ट त्याला सांगितली. दिवा गेल्याची, आणि मैत्रिणीला मागे टाकून आल्याची.

"मीबी एकदा आलतो तसाच," तो म्हणाला. "खाली जोडीदार पाइप धरून हुता. बल्बापायी न्हाई गं, माय. अंधारात हात कुठं ठिवायचा ते ठावं नसलं की माणूस पळतंय. जा खाली. इझव. दहा मोज. मग ये, बिनदोराची."

मी गेले. तळाशी डावा हात भिंतीच्या चिऱ्यावर ठेवला आणि उजव्या हाताने टॉर्चचं डोकं पाव आटा सैल केलं. पाव आटाच. त्याहून जास्त फिरवलं तर रिंग सुटते, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. चारपर्यंत मोजताना घाई झाली. सहानंतर चिऱ्याचा खडबडीतपणा कळायला लागला. दहानंतर मी लगेच वर आले नाही.

परत जाताना मामा मला शिरूरला सोडायला सायकलवर आला. सेलचं एक पाकीट त्याने स्वतःच्या पैशाने घेऊन दिलं. काळा टॉर्च अटीप्रमाणे माझाच झाला होता, छोटा मी विकत घेतला आणि पिवळा परत केला.

त्या डाइव्हला काहीही झालं नाही. चौदा मीटरवर प्रशिक्षकाने सगळ्यांना दिवे विझवायची खूण केली, कारण तिथलं पाणी हात हलवला की निळसर चमकतं. माझ्या मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात धरला, मगच टॉर्च पिळला. आमच्या बोटांभोवती ठिणग्या उठत होत्या. मी दहा मोजले. तिने हात सोडला नाही.

पुण्याला आल्यावर एसटीडी बूथवरून गावच्या दुकानात फोन लावला आणि मामाला बोलावून घेतलं. पाणी चमकतं, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

"गळला का?" त्याने विचारलं.

"नाही."

"सुतळी असती तर आणिक टिकला असता," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

आता एलईडीचे दिवे येऊ लागलेत आणि ते त्या काळ्यापेक्षा चांगले आहेत. घेणाऱ्यांनी तेच घ्यावेत: अरुंद झोत, गावोगावी मिळणारे सेल, घरी खोलता येईल अशी साधी बांधणी, आणि नेहमी दोन दिवे. मामाने बुडी मारणं सोडलंय. शेजारी बोअर पडल्यापासून त्या विहिरीत मार्गशीर्षातही परसभर पाणी उरत नाही. काळ्या टॉर्चचा बल्ब मी दोनदा बदलला. दर वर्षी नवी रिंग विकत आणते, मोजते, आणि डब्यात ठेवून देते. आत अजून मामाचीच आहे.