एका किलोला किती वाट्या

तराजूबाईंना सरळ प्रश्न विचारून सरळ उत्तर मिळालं, असं सांगणारं माणूस मला नागपुरात भेटलेलं नाही. उत्तराच्या जागी दोन उलट प्रश्न यायचे: "वाटी कोणाची? फोडी कोणी केल्या?"

बाई मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवायच्या आणि संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या महिला मंडळात यायच्या. खांद्याला पिशवी, पिशवीत तराजू. नाव त्यावरूनच पडलं. मंडळाच्या बायका घरोघरी संत्र्याचा मुरांबा करत आणि तो एका वसतिगृहाला जाई. आमच्याकडे संत्री डझनानं नाहीतर शेकड्यानं मिळतात, तोलून कोणी देत नाही. साखर मात्र मंडळ एकेक किलोची पाकिटं बांधून वाटायचं. एका पाकिटाला सोललेल्या फोडी एक किलो, असा हिशेब. पण घरी तराजू कोणाकडे? फोडी मोजायच्या वाटीनंच. सगळ्या अंदाजानं पाच वाट्या धरत.

मी तेव्हा बायकांच्या एका संघटनेची पत्रकं लिहायची; मंडळासाठीही एक लिहायला घेतलं होतं. मला एक ओळ हवी होती, मोठ्या अक्षरांत: एक किलो फोडी म्हणजे इतक्या वाट्या. बस्स! बाईंनी मसुदा वाचला आणि आकड्यावर काट मारली.

"सगळ्यांना एकसारख्या वाट्या घेऊन देऊ," मी म्हणाले.

"आणि हात? तेही एकसारखे आणशील?"

असा संताप यायचा! अरे, ज्या बाईला चुलीपासून उठायला सवड नाही, तिच्यापुढे शंका काय मांडता? तिला उत्तर द्या!

त्यातच मंडळातल्या कमलची बरणी फसफसली. पुन्हा असा माल आला तर काम बंद, असा वसतिगृहाचा निरोप आला. कमलचं घर त्या मुरांब्यावर चालायचं. सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या.

"तुह्या हाताले गुणच नाही वं! काहून येतं मंडळात?" शांताबाई म्हणाल्या.

"साखर तर पुरी टाकली नं मी, बापा!" कमल रडकुंडीला आली.

बाईंनी प्रत्येकीला आपापल्या वाटीत फोडी भरायला लावल्या आणि तोलल्या. कमल बारीक फोडी करून अशी दाबून भरायची, जशी शेजारीण हिसकून नेणार आहे. तिच्या चार वाट्यांत किलो भरला. शांताबाईंच्या मोठ्या, ऐसपैस फोडींना सहा लागल्या. म्हणजे कमलच्या पातेल्यात फळ जास्त पडत होतं आणि साखर अपुरी. दोष तिच्या हाताचा नव्हताच. वाट्यांवर घरची नावं कोरलेली असतातच. बाईंनी त्यांच्या बाजूला जिचा तिचा आकडा कोरून घेतला. शांताबाईंच्या सासूनं विचारलं, "वाटीवर नंबर काहून? घरात चोऱ्या होऊन राहिल्या का?"

त्यानंतर एकही बरणी आंबली नाही.

मग वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना कागद हवा झाला. किती वाट्या, ते एका आकड्यात; खाली बाईंची सही; आणि तोच छापून घरोघरी वाटायचा. "प्रत्येकीचं माप वेगळं? मग माल एकसारखा कसा?" एकसारखा मुरांबा महिनोन् महिने खाऊन हा माणूस हे विचारत होता!

मी बाईंच्या हातापाया पडले. "एक आकडा लिहून द्या. कोण बघायला येतंय?"

"बायका बघतील. छापलेलं खरं मानतात त्या. तुझ्याच पत्रकांनी लावलेली सवय."

त्यांनी लिहिलं नाही. काम एका कंत्राटदाराकडे गेलं, मंडळ पांगलं. कमल बाजारात संत्र्यांच्या पेट्या भरायला जाऊ लागली.

बाई निवृत्त होऊन भावाकडे रामटेकला निघाल्या तेव्हा मी स्टँडवर गेले. निरोप द्यायला नव्हे, भांडायला.

"तो आकडा लिहिला असता तर काय बिघडलं असतं?"

"कमलची बरणी. आणि पुन्हा सगळ्या तिच्या हाताला नावं ठेवायला मोकळ्या."

"आता तिचं कामच गेलं. त्याचं काय?"

बाई खिडकीशी बसल्या होत्या. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलता हलता त्या म्हणाल्या, "त्याला माझ्याकडे उत्तर नाही गं."