भिंतीकडे तोंड केलेला मॉनिटर

जाहिरात सुरू केली की धुडकूआप्पा मॉनिटरचं तोंड भिंतीकडे करायचे आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे. शहाद्याच्या बसस्टँडमागच्या त्यांच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते असेच बसले होते. समोर पपईच्या रोपवाटिकेचा मालक मॉनिटरच्या पाठीकडे बघत चहा पीत होता.

"आप्पा, जरा देखू द्या ना."

"नही. परवादिन ये."

मला वाटलं, हा माणूस लोकांना फसवतो. तसं मला बहुतेकांबद्दल वाटतं. मी पत्रकं वाटत मोठी झाले आहे.

आप्पांची सारी नोकरी पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात पॅनवर झाली. उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरण्याचं ते काम. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर व्हिडिओ बघून ते ऑनलाइन जाहिराती लावायला शिकले आणि लोकांना लावून देऊ लागले. त्या जाहिरातींत बोली यंत्रच लावतं. कुणाला दाखवायची, कितीला दाखवायची, हे ते लोकांचा प्रतिसाद बघत बघत शिकतं. मध्येच कुणी आकडे बदलले की शिकणं पहिल्यापासून. आप्पांना हे समजवावं लागलं नाही. "पॅनमा दाणा बसी ऱ्हायना, का मझारमा हात नही घालाना," ते म्हणायचे. "घाईमा पानी सोडं का समदा इरघयी जास."

माझं काम तातडीचं होतं. लोणखेड्यात आमची संघटना मुलींसाठी पोलीस भरतीचा मोफत वर्ग चालवायची. हॉलच्या विश्वस्तांनी सुनावलं होतं: पंधरा दिवसांत वीस मुलींची नावं आणा, नाहीतर हॉल डीजेवाल्याला स्पीकर ठेवायला देतो. मुलींच्या भविष्यापेक्षा स्पीकर मोठे! मी त्यावर एक जळजळीत पत्रक लिहिलं. त्यानं एकही मुलगी आली नाही. म्हणून आप्पांकडे आले.

आमच्या संघटनेत पत्रक चिकटवलं की सगळ्यांनी फिरून बघायचं, कुठे निघालंय का, कुणी वाचतंय का. तीच शिस्त मी इथे लावली. जाहिरात सुरू होताच ग्रुपवर टाकलं: सर्वांनी उघडा, फॉर्म भरून खात्री करा. संध्याकाळपर्यंत एकतीस नावं! पेढे घेऊन आप्पांकडे धावले. त्यांनी यादी वाचली. सगळे आमचेच कार्यकर्ते. सर्वांत वर आमचे सचिव, वय एकसष्ट.

"बाय, तू मशीनले काय शिकाडं? पोरीसना क्लासले टकला मानसे येतस म्हनीसन!"

यंत्र आज्ञाधारक निघालं. दुसऱ्या दिवशी त्यानं सचिवांसारखेच आणखी शोधून आणले. तळोद्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी फोन करून विचारलं, धावण्याची अट किती मीटरची आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

आप्पांनी ती जाहिरात मोडीत काढली, नवी लावली, मॉनिटर वळवला. दोन दिवस शून्य. खातं संघटनेचंच होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी मी घरून मोबाइलवरच बोलीची मर्यादा दुप्पट केली, आणि दुपारी पुन्हा निम्मी. आप्पांच्या लक्षात आलं. ते ओरडले नाहीत. माझा मोबाइल मागून घेतला, स्वतःच्या जेवणाच्या डब्यात घातला आणि झाकण लावलं.

"आप्पा, ही कंपन्यांची हुकूमशाही आहे! आपण नुसतं बघत बसायचं?"

"बघत बी नही बठानं. तठे भिंतकडे तोंड शे ना त्यानं."

"आणि हॉल गेला तर?"

"तर मी बी रडसू तुन्हासंगे. आते चहा पी."

मोबाइल परत मिळाला तेव्हा त्याला मेथीच्या भाजीचा वास येत होता.

नवव्या दिवशी एक नाव आलं, प्रकाशा गावची मुलगी. दहाव्या दिवशी तीन. मग धडगावकडच्या पाड्यांवरून नावं येऊ लागली. तिथे मी आयुष्यात एक पत्रक चिकटवलं नव्हतं. चौदाव्या दिवशी बावीस झाली. मी प्रत्येकीला फोन केला. सगळ्या खऱ्या होत्या, आणि सगळ्या येणार होत्या.

यादी घेऊन आम्ही दोघं विश्वस्तांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, चष्मा काढला, यादी उलटी ठेवली. "छान. मंडळापुढे ठेवू. पुढच्या महिन्यात बघू. जरा धीर धरा, ताई."

आणि मी, जिनं तहसीलदारांच्या दारात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, शहाण्यासारखी मान हलवली. बरं, मी म्हणाले, थांबू. पंधरा दिवसांत मला आप्पांचं वळण लागलं होतं.

"काबरं मान हालाडी ऱ्हायनी तू?" आप्पा इतक्या जोरात गरजले की विश्वस्तांच्या हातून चष्मा पडला. ते उठले, विश्वस्तांच्या डोक्यामागच्या खिळ्यावरची हॉलची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. "सोमवारपाईन वर्ग सुरू. मंडळले सांगी द्या." विश्वस्त वाकून चष्मा शोधत होते. तो सापडेपर्यंत आम्ही रस्त्यावर होतो.

मी चिडले. "आप्पा, पंधरा दिवस मला थांब, थांब केलंत!"

"मशीन शिकी ऱ्हायनं व्हतं, म्हनीसन थांबनूत," ते म्हणाले. "हाऊ विश्वस्त काय शिकी ऱ्हायना व्हता?"

आप्पा गेल्या हिवाळ्यात वारले. वर्ग चालू आहे. हल्ली कुठल्या कार्यालयात कुणी मला धीर धरा म्हणालं, तर मी आरडाओरडा करत नाही. खुर्ची ओढून बसते आणि नम्रपणे विचारते, तोवर साहेब नेमकं काय शिकणार आहेत?