परखी लावलेला माल

तुमसरच्या त्या कारखान्यात मी चार वर्षं काढली आणि एका दुपारी तिथून हाकलली गेले. त्याचं मला काडीचंही दुःख नाही. दुःख आहे ते चार वर्षं त्या माणसांना "हो जी, हो जी" म्हटल्याचं.

मालकांच्या घराण्याची मूळ राईस मिल. दवाखान्यांच्या मालात बरकत आहे असं कुणीतरी कानात सांगितलं, अन् लगेच मिलमागच्या गोदामाला पांढरा रंग फासून ही मंडळी ऑपरेशनला लागणारं गॉज बनवायला बसली. शेठजी मालक, मोठा मुलगा विक्रीला, आणि जावई स्वच्छता-प्रमुख. हा स्वच्छता-प्रमुख मास्कच्या आत तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायचा. थुंकताना मास्क खाली करायचा, तेवढीच त्याची स्वच्छता.

मी आंधळगावची, बीएस्सी झालेली, म्हणून तपासणी माझ्याकडे. गॉजची पाकिटं सीलबंद करून वाफेच्या टाकीत निर्जंतुक करायची, मग खोक्यांत भरायची. एकही पाकीट फुटलेलं नाही हे बघून मी कागदावर सही करायची. त्याशिवाय माल बाहेर जात नसे. हे कापड कुणाच्या उघड्या पोटात घातलं तरी चालेल, असं मी लिहून देत होते. मला त्या सहीची भीती वाटायची. त्या घरात आणखी कुणाला ती वाटली असेल, तर त्यानं फार चांगली लपवली.

त्या दुपारी गोंदियाचं एक मोठं गिऱ्हाईक माल बघायला आलं होतं. खोकी रचलेली, गाडी दारात उभी. मी पेन उघडलं, तेवढ्यात शेठजी मिलमधून परखी घेऊन आले. परखी म्हणजे पोत्यात खुपसून मूठभर धान्य काढायची टोकदार लोखंडी नळी. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ती पहिल्या खोक्यात खचकन घातली. मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, अशी रांगेनं सगळ्या खोक्यांत. टोकाला अडकून आलेलं गॉज तळहातावर चोळायचं, नवा चिन्नोर तांदूळ हुंगावा तसं हुंगायचं अन् पाहुण्यापुढे धरायचं. "पाहा माल! एक नंबर!"

मी ओरडलेच, "शेठजी, हे काय केलं जी! पाकिटं फुटली ना. आता सगळा लॉट नव्यानं भरून वाफेत टाकावा लागते."

"काहून? छेदच तं आहे. पट्टी लावून दे."

जावयानं खाकी चिकटपट्टी आणलीसुद्धा, आणि खर्र्याच्या बोटांनी भोकं बुजवायला लागला. हा माणूस इतका चपळ असू शकतो हे मला तेव्हा प्रथम कळलं.

"सही कर पोरी, गाडी उभी आहे," शेठजी म्हणाले. "नाही करत तं उद्यापासून येऊ नको. सही करणारे लय भेटतात."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. त्यांची मोठी सून भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती, दुसऱ्या दिवशी तिचं सिझेरियन ठरलं होतं. मी म्हटलं, "वहिनींचं उद्या ऑपरेशन आहे ना जी? यातलंच एक खोकं तिकडं पाठवा. पोचल्याचा फोन आला का मी सही करीन."

शेठजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पागल झाली काय? घरच्या बाईले आपला माल कायले लावू? तिच्यासाठी नागपूरवरून चांगल्या कंपनीचा मागवला ना!"

आवाजही खाली आणला नाही हो! पाहुणा समोर बसलेला, काम करणाऱ्या दहा बाया ऐकताहेत, त्यातल्या दोघी पोटुशा. लाज म्हणून काही असते, ती या घराण्यात कुणाच्या वाट्याला आलीच नसावी. मी बिनसहीचा कागद त्यांच्या हातात दिला आणि जेवणाचा डबा उचलला.

दारापर्यंत पोचले तेव्हा मागून पाहुण्याचा आवाज आला. वळून पाहिलं, तर त्यानं चहाचा कप खाली ठेवून खिशातली डायरी काढली होती.

"कोणत्या कंपनीचा मागवला म्हणता, शेठ?"

शेठजींनी मोठ्या ऐटीत नाव सांगितलं. फोन नंबर जावयानं दिला.