कोऱ्या कापडावरचं शवासन
कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की मला ती शाळेतली दुपार आठवते. लेकरू गेल्यापासून मला झोप नव्हती, म्हणून नणंदेने आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यातल्या शाळेत भरणाऱ्या योगवर्गाला नेलं. फरशीवर आमच्याच मागावरचं पांढरं कापड अंथरलं होतं. तसल्याच कापडात मी लेकराला गुंडाळून पुरायला दिलं होतं. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "शवासन. अंग मढ्यासारखं सैल सोडा." मी उठून बसले. "मढं सैल नसते, गुरुजी. लाकडावानी राह्यते. मी मांडीवर घेतलं होतं." नणंद कुजबुजली, "चूप वं, वहिनी, बाया पाहून राहिल्या." गुरुजी बाकीच्यांना श्वास मोजायला सांगू लागले. आता नातसून मोबाईलवर तसंच शवासनाचं काही लावते आणि म्हणते, "आजी, पडा." मी बसूनच राहते.