वीणेचा पहारा

आमच्या महिला भजनी मंडळाची प्रॅक्टिस म्हणजे भजन थोडं आणि गप्पा फार. पाटसजवळचं आमचं गाव. दरवर्षी हरिनाम सप्ताह बसतो आणि दरवर्षी किश्श्यांची भर पडते. सांगताना आम्ही हसून लोटपोट होतो. घरी गेल्यावर वाटतं, एवढं हसण्यासारखं होतं काय त्यात?

आधी सिंधूकाकूंची ओळख करून देते. मंडळातल्या सगळ्यात थोरल्या. माहेर शिरूरकडचं, वडील तिथले वीणेकरी. सप्ताहभर वीणा कुणा ना कुणाच्या गळ्यात असते, ती जमिनीला टेकवायची नाही, हा नेम. त्यासाठी पुरुषांचे पहारे लागतात. काकूंची इच्छा एकच, देवापुढं एक पहारा आपण करायचा.

"वडलांनी सगळं शिकीवलं मला. पर गळ्यात कवा घालू दिली न्हाई," असं सांगतात आणि लगेच विषय बदलतात.

*

सप्ताह कमिटीचे अध्यक्ष आप्पा, म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांच्यापुढं मी सून, तोंड उघडायची सोय नाही. म्हणून मीटिंगला काकू स्वतःच बोलल्या.

आप्पा म्हणाले, "काकू, वीणा जड असती."

"उसाच्या मोळ्या वाहिल्यात मी, आप्पा. तवा कुणी म्हणलं न्हाई जड हाय म्हणून!"

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तसं न्हवं. महाराजांना इचारावं लागंल."

महाराजांना विचारलं. ते म्हणाले, "कमिटी ठरवेल तसं." कमिटी म्हणाली, "महाराज ठरवतील तसं."

झालं! दोघांनी एकमेकांना मान दिला आणि काकू जागच्या जागी.

त्याच संध्याकाळी आप्पांनी एका संत स्त्रीचा अभंग म्हटला. डोळे मिटून, इतका आर्त की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. काकू माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "बाईचा अभंग चालतो गं देवाला. बाईचा हात तेवढा चालत न्हाई."

*

आमच्या सरपंच शोभाताई. निवडून आलेल्या, सही त्यांची, शिक्का त्यांचा. पण सप्ताहाच्या फ्लेक्सवर 'सरपंच' म्हणून फोटो नवऱ्याचा, गॉगल घातलेला!

उद्घाटनाला शाळेच्या गुरुजींनी माइकवरून हाक मारली, "सरपंच, या." नवरा उठला, नारळ फोडला, भाषणही ठोकलं. शोभाताई खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होत्या.

मी विचारलं, "ताई, तुमचा फोटो कुठाय?"

"हाय की, आधारकार्डावर!"

बाई इतक्या झटकन बोलल्या की मला वाटलं, घरी रोज पाठ करत असणार.

*

मंगल आमच्यातली सगळ्यात धीट. दौंडला रेल्वेत गार्ड आहे. तिनं इशारा दिल्याशिवाय अख्खी मालगाडी जागची हलत नाही.

एका वर्षी सप्ताहात नेमकी तिला पाळी आली. मांडवाच्या बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी बसून कीर्तन ऐकत होती. ड्यूटीवरून आलेली, अंगावर युनिफॉर्म तसाच.

मी म्हटलं, "कोण बघतंय, ये आत."

"नको बाई. उद्या कुणाच्या म्हशीनं दूध दिलं न्हाई तरी माझंच नाव निघंल!"

आम्ही दोघी खूप हसलो. ती उठून आत मात्र आली नाही, आणि मीही पुन्हा म्हटलं नाही.

*

मधे एकदा शिरूरच्या एका कीर्तनकार ताईंना बोलावलं. बाईंनी मांडव असा जिंकला की टाळकऱ्यांनाही घरी जावंसं वाटेना. मग सत्काराची वेळ आली. बाईमाणसाच्या खांद्यावर शाल कशी घालायची, असा आप्पांना प्रश्न पडला. त्यांनी सरळ ताईंच्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थाच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि पाया पडले.

तो बिचारा घाबरला. "आवो, मी गाडीचा ड्रायव्हर हाय!"

आप्पा म्हणाले, "असू द्या, असू द्या."

ताई हसल्या. शाल ड्रायव्हरलाच शोभून दिसते म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. त्यानंतर दोनदा बोलावलं, तारीख मोकळी नाही म्हणतात.

*

एका महाराजांनी कीर्तनात सांगितलं, "बाईनं उंबऱ्याच्या आत राहावं, त्यातच घराचं कल्याण." पुरुषांनी माना डोलावल्या. आम्ही बायका तेव्हा मांडवामागं पत्र्याच्या शेडमध्ये, धुरात, सगळ्या गावाच्या पोळ्या लाटत होतो. शेजारचा लाउडस्पीकर आमच्या कानात ओरडत होता.

मंगल लाटणं खाली ठेवून म्हणाली, "चला गं, उंबऱ्याच्या आत जाऊ. जेवा म्हणावं महाराजांचा उपदेश!"

कुणीच गेलं नाही. तवा तापलेला होता ना.

*

गेल्या वर्षीची गोष्ट. भर दुपार. भांडगावला हायवेवर कुणी पुढारी यायचे होते, म्हणून झाडून सगळे पुरुष सत्काराला गेलेले. देवळात वीणा गळ्यात घालून एकटे पोपटमामा उभे, आणि समोर आम्ही बायका. मामांना शुगर आहे, तासातासाला बाहेर जावं लागतं. पुढच्या पहाऱ्याच्या माणसाचा पत्ता नाही, फोन लागेना. मामा आधी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. तोंडानं 'विठ्ठल विठ्ठल' चालू, पण चाल भलतीच जलद झालेली!

सिंधूकाकू उठल्या. नळावर हातपाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि मामांसमोर दोन्ही हात पुढं करून उभ्या राहिल्या.

"द्या मामा. तुमी येस्तवर धरते मी."

आमचे टाळ थांबले. मला तर रडूच आलं. वाटलं, मिळतंय बाई, अखेर मिळतंय.

मामांनी काकूंच्या हातांकडं पाहिलं. दाराकडं पाहिलं. देवाकडं पाहिलं. वीणा गळ्यातून काढली. मग देवळाच्या खांबावरचं कॅलेंडर खाली ठेवलं आणि त्या खिळ्याला वीणा अडकवली.

वीणा दुसऱ्याला सोपवली की देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं, अशी आमच्यात रीत आहे. जन्माची सवय! मामा वाकले, खांबाच्या पाया पडले, आणि काकूंना वळसा घालून बाहेर पळाले.